पाटी घेऊन सातपुड्याकडे

शंकरभाऊंचं पत्र आलं तेव्हा मी शाळेत मुलांच्या चित्रकलेचे कागद तपासत होतो. चाळीस मुलांनी चाळीस फुलदाण्या काढल्या होत्या, आणि त्यातली एकही टेबलावर उभी राहिली नसती. पत्रात जेमतेम चार ओळी. मळ्यातलं घर नीट करून झालं. मार्गशीर्षात वास्तुशांत आहे. घराला नाव द्यायचं आहे. 'सरस्वती-सदन' अशी पाटी तुझ्या हाताने रंगव आणि तूच घेऊन ये.

सरस्वती म्हणजे त्यांची बायको. गेल्या वर्षी भाद्रपदात तापाने गेली. वर्षश्राद्ध होईपर्यंत घरात शुभकार्य करायचं नाही म्हणून भाऊ थांबले होते. शंकरभाऊ आणि मी धुळ्याला मास्तरकीच्या ट्रेनिंगला एकाच खोलीत राहिलो. पुढे मी जळगावात ड्रॉइंग मास्तर झालो, ते चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याच्या एका शाळेवर गेले. गावात जागा मिळेना म्हणून लग्नानंतरची पहिली सात वर्षं नवरा-बायको आपल्या मळ्यातल्या दोन खोल्यांच्या मातीच्या घरात राहिली. मग चोपड्याला बदली झाली, भाड्याचं पक्कं घर मिळालं, आणि मळ्यातलं घर गोवऱ्या अन् कडबा ठेवण्यापुरतं उरलं. वहिनी दर वर्षी म्हणायच्या, ते घर नीट करा, आपण तिथे राहायला जाऊ. भाऊ म्हणायचे, यंदाचा कापूस निघू दे. अठरा कापूस निघाले. एकोणिसाव्याला वहिनी नव्हत्या.

जावं की न जावं असा प्रश्नच नव्हता. पाटीला मी चार दिवस घेतले. सागवानी फळी, निळी जमीन, पिवळी अक्षरं, डावीकडे कमळ, उजवीकडे हंस. माझं अक्षर चांगलं आहे हे मी सांगणार नाही, जळगावातली अर्धी दुकानं सांगतील.

या बाजूला यायचं असेल त्यांनी मार्गशीर्ष-पौषातच यावं. पावसाळ्यात तापी कुणाचं ऐकत नाही आणि चैत्रानंतर ऊन माणसाला भाजून काढतं. जळगावहून सकाळची सुरतेकडची गाडी धरायची, अमळनेरला उतरायचं. तिसऱ्या वर्गात त्या दिवसांत कापसाचे व्यापारी फार, त्यामुळे बसायला जागा मिळाली तर देवाचे आभार मानावेत. माझ्याबरोबर तीन हात लांबीची, जुन्या धोतरात गुंडाळलेली पाटी होती. समोरचे एक आजोबा बराच वेळ तिच्याकडे बघत होते. शेवटी न राहवून म्हणाले, "काय शे हाई, भाऊ? पोथी शे का?"

"पाटी आहे. घरावर लावायची."

"मंग घरमा कोन राहास ते मानसेसले माहित नही का?"

मी हसलो. धरणगाव जाईपर्यंत आजोबांना नव्या चालीरीती समजावत बसलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चिलीम झटकली आणि झोपी गेले.

अमळनेरला स्टेशनाबाहेर गरम भजी आणि चहा मिळतो. भज्यांत मिरची जपून खावी, खानदेशी मिरची पाहुणा ओळखत नाही. चोपड्याची सर्व्हिस मोटार भरल्याशिवाय सुटत नाही, आणि 'भरली' कशाला म्हणायचं हे ड्रायव्हर ठरवतो. आमच्या मोटारीत माणसं, दोन शेळ्या आणि वांग्यांची टोपली होती, तरी ती त्याच्या मते रिकामी होती. तापीपर्यंत रस्ता धुळीचा. दोन्ही बाजूंनी कापसाच्या गाड्या जिनिंगकडे चाललेल्या, बाभळींच्या काट्यांवर कापसाचे पुंजके अडकलेले. नदीवर मोटार अलीकडेच थांबते. उतरून नावेने पलीकडे जायचं, नावाड्याला दोन पैसे द्यायचे, तिथे दुसरी मोटार. पाणी स्वच्छ आणि गार होतं. मी हात घालून पाहिला आणि पाटी भिजेल म्हणून नावाड्याची बोलणी खाल्ली.

चोपड्यात ओळखीच्या एका मास्तरांकडे मुक्काम केला. जेवायला ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात आणि तेल. हिरवी वांगी काट्याकुट्यांवर भाजलेली असतील तरच ते भरीत, चुलीतल्या निखाऱ्यावरचं नव्हे, असं तिथली मंडळी शपथेवर सांगतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैलगाडी केली. गाडीवानाने विचारलं, "कोठे जानं शे, मास्तर?"

"शंकर गुरुजींच्या मळ्यात."

"म्हंजे उखाबाईना घरले. तशे सांगा ना."

"उखाबाई-बिखाबाई नाही. घराचं नाव सरस्वती-सदन आहे," मी पाटीवर थाप मारून म्हणालो.

"ते माले माहित नही. तठे ते उखाबाईनं घर शे. बठ्ठा तशेच म्हनतस."

मनात म्हटलं, अडाणी माणूस, भलत्याच मळ्यात नेऊन टाकायचा. गाडी तासभर केळीच्या बागांतून गेली, मग बागा संपल्या आणि ज्वारी लागली. ज्वारी संपली तेव्हा समोर सातपुडा आला. त्याच्या पायथ्याशी, विहिरीजवळ, नुकतं सारवलेलं एक ठेंगणं घर दिसलं. गाडीवान योग्य जागी आला होता. तसं मी त्याला बोलून दाखवलं नाही.

घर पाहून मला खरंच भरून आलं. दोन खोल्या, पुढे ओटा, वर पांढऱ्या मातीचं सपाट धाबं. भिंतींत भुसा कालवलेली नवी माती, कडेने चुन्याचा पट्टा. भाऊंनी प्रत्येक गोष्ट मला हात लावून दाखवली. इथली तुळई किडली होती, ती बदलली. हा कोनाडा तिचा, तसाच ठेवला. मग स्वयंपाकाच्या खोलीत नेलं. चुलीच्या समोर भिंतीत एक नवी खिडकी होती, त्यातून विहीर आणि तिच्यामागे डोंगर दिसत होता.

"ही तिला हवी होती," ते म्हणाले. "चुलीपुढे बसून नुसती भिंत बघायची म्हणायची. सात वर्षं भिंतच बघितली तिने. एका दुपारचं काम होतं रे, मास्तर. एका दुपारचं."

विषय बदलायचा म्हणून मी गाडीवानाची गंमत सांगितली, की तो याला उखाबाईचं घर म्हणत होता. भाऊ हसले नाहीत. खिडकीच्या चौकटीवरची धूळ बोटाने पुसत म्हणाले, "गडी माणसं काहीतरी म्हणतात."

दुपारी वहिनींची आई आली. शिरपूरकडच्या एका खेड्यातून, दोन दिवस गाडीत बसून. सत्तरीची असेल, वाळून गेलेली पण ताठ. तिला सगळे अक्का म्हणत. मुलगा मागेच वारलेला, घरात पुरुष माणूस उरलं नाही, म्हणून माहेरचा आहेर घेऊन तीच आली होती. मी पाटी उघडून ओट्यावर टेकवली होती. अक्काने तिच्यावरून हात फिरवला. अक्षरं तिला येत नव्हती. हंसापाशी तिचा हात थांबला.

"हाऊ पक्षी तुम्हीन काढा का, भाऊ? जितागत दिखस."

एवढी दाद मला कुठल्याच हेडमास्तरांनी दिली नव्हती. मी खूश झालो.

तिसऱ्या दिवशी वास्तुशांत. चोपड्याहून भटजी आले, शाळेतले मास्तर आले, मळ्यात राबणाऱ्या बाया-माणसं विहिरीच्या कडेने बसली. पूजेला जोडपं लागतं, म्हणून भाऊंचा धाकटा भाऊ आणि भावजय पाटावर बसली. भाऊ मागे उभे राहून समिधा पुढे करत होते. आपण बांधलेल्या घराच्या पूजेत आपणच सामान पुरवायचं, हे मला बघवेना. पाटी दारावर लागली होती. उन्हात अक्षरं झकास दिसत होती.

पूजा झाली की इकडे आहेर पुकारतात. एकाने उभं राहून मोठ्याने सांगायचं, कुणाकडून कुणाला काय आलं. वर्गात ओरडून माझा आवाज तयार, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं. घर ज्या बाईचं, तिच्या माहेरच्या आहेराचा मान पहिला. बाई हयात नसली तरी तिच्या नावाने तो पुकारायचा आणि तुळशीपाशी ठेवायचा, असं भटजींनी सांगितलं. अक्का हिरवं लुगडं आणि चोळी दोन्ही हातांवर घेऊन पुढे आली. मी छाती भरून पुकारलं:

"सरस्वतीबाईंना माहेरचा आहेर! लुगडं आणि चोळी!"

अक्का जागची हलली नाही. तिने माझ्याकडे पाहिलं.

"कोन सरस्वती?"

"अहो अक्का, तुमची मुलगी."

"मन्ही पोर उखी शे. हाई लुगडं उखीनं शे."

चोपड्याच्या मंडळींत कुणीतरी खुदकन हसलं. ते हसू पसरलं. मलाही हसू आलं, खोटं कशाला बोलू? गाडीवानाची उखाबाई कोण ते आत्ता उमगलं. मी हसू आवरून, वर्गातल्या मठ्ठ पोराला समजावतात तसं म्हणालो, "अक्का, लग्नात नाव बदललं ना? आता सगळीकडे सरस्वतीच. हे बघा, पाटीवर पण लिहिलंय."

अक्काने पाटीकडे पाहिलं. काल ज्या हंसावर हात फिरवला होता त्याच्याकडे पाहिलं. मग लुगड्याची घडी नीट केली आणि गाठोड्यात परत ठेवली.

"मंग सरस्वतीनी माय यी, ती तिले आहेर करी," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, काही नाही. "मी ते उखीनी माय शे."

सगळे भाऊंकडे बघू लागले. त्यांनी एक शब्द बोलायला हवा होता. ते खाली मान घालून उभे राहिले. भटजींनी घाईघाईने पुढचा आहेर पुकारायला सांगितला, आणि मी पुकारला.

पंगत बसली. वरण-बट्टी होती, वांग्याची भाजी होती, खापरावरचे मांडे होते. कुणी विचारलं तर सांगेन की असे मांडे मी जन्मात खाल्ले नव्हते, पण त्या दिवशी मी अर्ध्या मांड्यावरच उठलो. अक्का विहिरीजवळच्या निंबाखाली गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती. मी ताट घेऊन गेलो. तिने ताट बाजूला ठेवलं, पण मला बस म्हणाली.

"तीन पोरे गयात मन्हा, भाऊ," ती सांगू लागली. "एक बी बारा दिनसनं व्हयनं नही. चौथी हाई. मंग तिले सूपमा घालीसन उकिर्डावर ठी दिधं. कचरा शे, टाकी दिधा, आते देव लेवाव नही. मन्ही नणदनी तठून उचली, आनी मी मूठभर दाना दिसन तिनाकडथीन इकत लिधी. उकिर्डावरनी म्हनीसन उखी. त्या नावनी तिले जगाडं."

तिने मांडीवरचं गाठोडं सारखं केलं. मग म्हणाली, "लगीनमा तुम्हीन ते नाव काढी टाकं. मी काय बोलू? पोर दिधी व्हती. मी कोनले दोस देत नही. पन एकदाव तरी बठ्ठासमोर तिनं नाव लेवाले पाहिजे व्हतं."

शेजारी भांडी घासणारी जमनाबाई, जिने हे घर सारवलं होतं, ती हात थांबवून ऐकत होती. ती मला म्हणाली, "तिनीच सांगं व्हतं आम्हले, मास्तर. पानी भराले यी ना, तवय. म्हने, माले बाईबिई नका म्हनू, उखी म्हना. मन्ही माय तशीच म्हनस."

म्हणजे सात वर्षं या विहिरीवर ती उखी होती, आणि घराच्या उंबऱ्याच्या आत सरस्वती.

मी तरातरा भाऊंकडे गेलो. ते मागच्या खोलीत नव्या खिडकीपाशी उभे होते. मी चिडलो होतो, स्वतःवरचा राग दुसऱ्यावर काढतात तसा. म्हटलं, "तुम्हाला ठाऊक होतं. मग मला हे दुसरं नाव कशाला लिहायला लावलंत?"

भाऊ माझ्याकडे वळले. "तुला खरंच आठवत नाही?"

"काय?"

"धुळ्याच्या खोलीत. माझं लग्न ठरलं तेव्हा तू मुलीचं नाव विचारलंस. मी सांगितलं, उखी. तू इतका हसलास की शेजारच्या खोलीतली पोरं बघायला आली. मग तूच म्हणालास, मास्तराच्या बायकोला शोभेल असं नाव ठेव. वहीच्या पानावर 'सरस्वती' लिहून दिलंस, वेलबुट्टी काढून. मी तेच पान बघून लग्नात ताटातल्या तांदळांत अंगठीने लिहिलं. तुझं अक्षर तेव्हाही चांगलं होतं."

मला आठवत नव्हतं. अजूनही नीट आठवत नाही. हसणारा मी होतो, म्हणून मी विसरलो. ज्याला हसलो त्याने पंचविसाहून जास्त वर्षं ते जपून ठेवलं, आणि जिचं नाव होतं तिला ते विहिरीवर ठेवावं लागलं.

"मी तिला कधीच त्या नावाने हाक मारली नाही," भाऊ म्हणाले. "सरस्वती म्हणूनही नाही. नुसतं 'ऐकलं का' म्हणायचो. ती ऐकायची."

मंडळी चोपड्याला परतली. उन्हं उतरली तशी अक्काची गाडी जुंपली. ती चढणार एवढ्यात भाऊ ओट्यावर येऊन उभे राहिले. अंगणात अक्का, जमनाबाई, गाडीवान आणि मी, एवढेच. भाऊंनी घसा साफ केला. पहिल्यांदा नुसता श्वास बाहेर आला. दुसऱ्यांदा त्यांनी पुकारलं, आवाज फाटला तरी पुकारलं:

"माहेरकडून... उखाबाईला... लुगडं आणि चोळी!"

अक्काने गाडीच्या दांडीवरचा हात काढला. गाठोडं सोडलं, लुगडं हातांवर घेतलं, आणि अंगण ओलांडून आली. भाऊंनी उपरण्याचा पदर पसरून आहेर घेतला आणि रडायला लागले, लहान मुलासारखे, तोंड न झाकता. म्हातारी नाही रडली. त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मग मी हातोडी मागितली आणि पाटी काढली. अक्काला म्हटलं, मी उद्या चोपड्याहून रंग आणतो, खरं नाव लिहितो.

"नका लिखू, भाऊ," ती म्हणाली. "लिखं का मानसे वाचीसन हासतीन. ज्यासले माहित शे त्यासले माहित शे."

ती निघाली. दुसऱ्या दिवशी मीही निघालो. परतीचा रस्ता तोच, नाव तीच, भजी तीच. पाटी मी बरोबर आणली नाही, भाऊंनी ती मागच्या खोलीत फळी म्हणून ठोकून घेतली. हंस भिंतीकडे आहे. तुम्ही चोपड्याला गेलात तर पायथ्याच्या वाटेने जरूर जा. मळा कुठला म्हणून विचारायचं असेल तर गुरुजींचं नाव घेऊ नका, गाडीवानाला कळेल असं विचारा. गुरुजी आता तिथेच राहतात, चहा दिल्याशिवाय सोडत नाहीत.

जळगावला घरी पोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. आमच्या घरात लक्ष्मी आहे, म्हणजे माझी बायको. तिने पाणी दिलं, प्रवास कसा झाला विचारलं, आणि भाकऱ्या थापायला आत गेली. मी ओसरीवर बसून राहिलो. सगळं तिला सांगावं असं ठरवून आलो होतो, पण कुठून सुरुवात करावी ते कळेना. तिचं माहेरचं नाव मला ठाऊक होतं. तेही मीच बदललं होतं. सव्वीस वर्षांत ते माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी आतल्या दिशेने तोंड करून हाक मारली.

"ठकू!"

थापण्याचा आवाज थांबला. मी पुन्हा हाक मारली. ती पिठाचे हात तसेच घेऊन धावत बाहेर आली, चेहरा उजळलेला, आणि माझ्याकडे न बघता माझ्या शेजारून सरळ दाराकडे गेली.

"कोण आलंय?" तिने विचारलं. "माझ्या माहेरचं कोण आलंय?"

तिचे आई-वडील जाऊन दहा वर्षं झाली होती. दार उघडून तिने रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, आणि मी काही बोलेपर्यंत ती पाहतच राहिली.